नऊ तोळ्यांची चोरी

आपल्याकडे घरातली सून गरोदर राहिली की त्या घराचे कायदेमंडळ होते. पपई खायची नाही, हा पहिला ठराव. तिन्हीसांजेला उंबऱ्यावर बसायचे नाही, हा दुसरा. ग्रहण लागले की विळीला हात लावायचा नाही, नाहीतर मुलाचा ओठ फाटलेला निघतो, हा तिसरा. सासूबाई अध्यक्षस्थानी, आजेसासूबाई मार्गदर्शक, शेजारच्या काकू सन्माननीय सभासद, आणि ज्यांनी आयुष्यात पाळणा हलवलेला नाही अशा आत्याबाई विरोधी पक्षात नसून सगळ्यांत कडक ठराव मांडणाऱ्या! सर्व ठराव एकमताने मंजूर होतात. आणि तीच सून सकाळी उठून चुलीमागची, किंवा आजकाल गॅसच्या ओट्यावरची, छोटी डबी उघडते, डाव्या तळहातावर काळी पूड घेते, उजव्या हाताच्या बोटाने हिरड्यांना लावते, आणि त्यावर सभागृहात अवाक्षर निघत नाही. पुष्कळदा ती डबी अध्यक्षांचीच असते.

मिश्री हे तिचे नाव. नाव किती गोड! खडीसाखरेच्या कुळातले वाटावे असे. करायची रीत सोपी: तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, चुरायची, वस्त्रगाळ करायची आणि डबीत भरायची. म्हणायला दात घासायचे. पण दात दिवसातून किती वेळा घासतात? मिश्री सकाळी लागते, दुपारचे जेवण झाल्यावर लागते, चार वाजता लागते, निजताना लागते. ती दंतमंजन नाही, ती तंबाखू आहे. आणि पोटात मूल असताना तंबाखू म्हणजे काय, हे त्या कायदेमंडळात कुणीच विचारीत नाही.

दिवाळी अंक चाळणाऱ्या सुशिक्षित वाचकाला वाटेल, ही जुन्या गावाकडची गोष्ट झाली. त्याने वसई-विरारला यावे. विरार लोकलने यावे म्हणजे वाटेतच थोडे ज्ञान होईल. २०११ च्या जनगणनेत बारा लाखांवर गेलेली ही वस्ती. २००९ मध्ये हिची महानगरपालिका झाली, २०१४ मध्ये पालघर जिल्हा झाला. पण इथली माणसे जिल्हा होण्याची वाट पाहत थांबली नव्हती. साताऱ्याची, सांगलीची, रत्नागिरीची, जळगावची, मराठवाड्याची माणसे नालासोपाऱ्याच्या चाळींत येऊन राहिली, आणि येताना ट्रंकेत ग्रामदैवताच्या तसबिरीबरोबर मिश्रीची डबीही आली. शेजारच्या खोलीतल्या उत्तर प्रदेशच्या भाभीकडे खैनी आणि गुल असतो. गुजरातकडून आलेल्या बाईकडे बजर असते. नावे अनेक, पान एकच. लिफ्ट असलेल्या इमारतीत राहायला गेले म्हणून ते पान मागे राहते असेही समजू नये. डबी स्टीलची होते, एवढाच फरक.

आता आकड्यांकडे येऊ. मुंबईत डॉ. प्रकाश गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघर जाऊन गरोदर स्त्रियांची नोंद केली, त्यांची बाळंतपणे होईपर्यंत पाठपुरावा केला आणि १,२१७ स्त्रियांचा हिशेब २००४ साली प्रसिद्ध केला. शंभरांत सतरा जणी धूर न काढता तंबाखू घेत होत्या. त्यांत मिश्रीवाल्याच अधिक. बाकीची सारी कारणे वजा करून पाहिले तरी या स्त्रियांची बाळे सरासरीने १०५ ग्रॅम हलकी भरली, आणि सरासरी सहा दिवस आधी जन्मली.

हा आकडा मी एका सद्गृहस्थांना सांगितला तेव्हा ते म्हणाले, "एकशेपाच ग्रॅमच ना?"

'च' कशाला लावता? धनत्रयोदशीला सराफाच्या दुकानात जा आणि दागिना एकशेपाच ग्रॅमने कमी भरल्यावर 'एकशेपाच ग्रॅमच ना' असे म्हणून दाखवा. जुन्या मापाने ते नऊ तोळे होतात. नऊ तोळे सोने घरातून गेले तर तुम्ही पोलिसांत जाल, देवाला कौल लावाल, मोलकरणीवर आळ घ्याल. मुलाच्या अंगावरचे नऊ तोळे मांस कुणी पोटातल्या पोटात काढून नेले तर मात्र 'आमच्याकडे मुले बारीकच असतात' म्हणून मोकळे! आणि सरासरी ही मोठी लबाड गोष्ट आहे. ती काही मुलांचे काहीच नेत नाही, आणि काहींचे सगळेच नेते. बत्तीस आठवड्यांच्या आत, म्हणजे आठव्या महिन्यातच जन्म होण्याचा धोका या स्त्रियांत जवळजवळ पाचपट निघाला. २००६ साली त्याच पाहणीतून मृत जन्माचा हिशेब बाहेर आला. तंबाखू न घेणाऱ्यांत शंभरांत तीनच्या आसपास; घेणाऱ्यांत नऊच्या आसपास. हे आकडे न्यूयॉर्कचे नाहीत, लंडनचे नाहीत. विरारहून दोन तासांत जिथे पोहोचता येते तिथले आहेत. आणि ते छापून वीस वर्षे होऊन गेली.

हे असे का होते ते वैद्यकाचे पुस्तक न उघडताही समजण्यासारखे आहे. बाळाचे रेशन नाळेतून येते. तंबाखूतले निकोटिन रक्तवाहिन्या आकसून घेते, त्या वाटेने जाणारे रक्त कमी होते आणि रक्ताबरोबर प्राणवायूही. निकोटिन स्वतः मात्र वारेला न जुमानता पलीकडे जाते. मूल जन्मल्यावर तरी सुटका व्हावी, तर दुधातही ते उतरते. आईच्या रक्तात असते त्याहून दुधात त्याचे प्रमाण जास्तच भरते. मूल रात्री निजत नाही म्हणून दृष्ट काढणाऱ्या आजीने जरा आपल्या डबीचीही दृष्ट काढावी.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण आपल्याकडे अर्धे ऐकून पुरे करण्याची घाई फार. मिश्री लावते म्हणून बाईने अंगावरचे दूध तोडू नये. आईच्या दुधाला तोड नाही. सोडायची ती डबी, दूध नव्हे.

आता हरकतींचा समाचार घेऊ. पहिली हरकत नेहमीची: "आमच्या आजीने जन्मभर मिश्री लावली, तिला आठ मुले झाली." झाली असतील. जगली किती? ते विचारले की म्हातारी बोटे मोजू लागते आणि मध्येच थांबते. एक सातव्या महिन्यात गेले, एक जन्मले ते रडलेच नाही, एक बाळसे धरीना. त्या काळी त्याला देवाची इच्छा म्हणत. सगळी देवाची नव्हती, काही डबीची असावी.

दुसरी हरकत अधिक सभ्य असते आणि म्हणून अधिक घातक. ती व्याख्यानांतून ऐकू येते, महिला मंडळाच्या उद्घाटनात ऐकू येते: "या बायकांत जागृती नाही हो! आपल्या पोटच्या गोळ्याची काळजी नको का?" माझे खरे भांडण आहे ते या वाक्याशी.

बाई मिश्री का लावते, हे या जागृतीवाल्यांनी कधी विचारले आहे काय? विचारा, ती सांगेल. दाढ दुखते म्हणून. दाढेच्या दवाखान्याला पैसे लागतात, तिथे जायचे तर एका दिवसाचा खाडा होतो. डबीची चिमूट लावली की दाढ तेवढ्यापुरती बधिर होते. सकाळी मळमळते म्हणून. दिवस गेलेल्या बाईला ओकारी येते, तोंडाला पाणी सुटते, आणि कामे तर थांबत नाहीत. भूक मारण्यासाठी. सकाळी डबे भरून सगळ्यांना वाटेला लावून मग स्वतःच्या तोंडात पहिला घास पडेपर्यंत अकरा वाजतात, तोवर मिश्रीने निभते. आणि चौथे कारण, जे व्यासपीठावर उच्चारले तर सभ्य स्त्रीपुरुष माना खाली घालतील: पोट साफ व्हावे म्हणून. ज्या चाळीत आठ खोल्यांना एक संडास, बाहेर रांग, आणि नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नाही, तिथे बाईला ठरल्या वेळी, ठरल्या मिनिटाला मोकळे व्हावे लागते. मिश्री लावली की ते साधते. तुम्ही याला अज्ञान म्हणता? मी याला वेळापत्रक म्हणतो. हे वेळापत्रक तिने केलेले नाही. नगररचना करणाऱ्यांनी, चाळी बांधणाऱ्यांनी, आणि सकाळच्या चहाआधी बायको काय करते हे ज्याला आयुष्यात कळले नाही त्या नवऱ्याने मिळून ते केले आहे.

हा आपला जुना रोग आहे. १९२२ साली मुंबईच्या गिरण्यांत काम करणाऱ्या स्त्रियांच्या बाळंतपणांची पाहणी डॉ. बार्न्स नावाच्या बाईंनी केली. या बायकांच्या शंभर मुलांपैकी अठ्ठ्याण्णव मुलांना अफू दिली जाते, असे त्यांच्या अहवालात आले. तेव्हाही साहेब लोक आणि आपले शहाणे लोक म्हणालेच असतील, काय ह्या अडाणी आया! पण आई साच्यावर दहा-दहा तास उभी. तान्ह्याला घ्यायला घरी कुणी नाही. गिरणीत पाळणाघर नाही. बाळगोळी दिली की मूल संध्याकाळपर्यंत झोपून राही. अफू वाईट हे त्या आईला सांगून काय उपयोग होता? तिला पाळणा हवा होता आणि पगारी रजा हवी होती. बाळंतपणाच्या रजेचे विधेयक मुंबईच्या कायदे कौन्सिलात आले तेव्हा १९२८ मध्ये डॉ. आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला, आणि १९२९ मध्ये कायदा झाला. आयांच्या अडाणीपणावर त्या काळीही खूप भाषणे झाली असतील. त्यांतले एकही आज कुणाला आठवत नाही.

तिसरी हरकत शहरी आहे, जरा इंग्रजी शिकलेली. तिचे म्हणणे, तंबाखू वाईटच हो, पण गांजा-भांग ही वनस्पती आहे, निसर्गाची देणगी आहे, शंकराचा प्रसाद आहे. उलट्यांवर तर ती औषधच. तंबाखू काय कारखान्यात उगवते? धोतराही निसर्गाची देणगीच आहे. पण हा युक्तिवाद हसण्यावारी नेण्यासारखा राहिलेला नाही. ज्यांच्या मुली-सुना अमेरिकेत बाळंत होतात, आणि आई-सासू सहा महिन्यांचा व्हिसा काढून डिंकाचे लाडू घेऊन तिकडे जातात, त्यांनी तर हे मुद्दाम वाचावे. कोलोरॅडो राज्यात २०१४ च्या जानेवारीपासून गांजाची दुकाने उघडपणे चालतात. तिथल्या संशोधकांनी एक गंमत केली. चारशे दुकानांना एकेक फोन गेला. बोलणारी सांगे, मी आठ आठवड्यांची गरोदर आहे, सकाळी फार मळमळते, काय घेऊ? शंभरांतल्या एकोणसत्तर दुकानांनी तिला गांजाचा माल सुचवला! २०१८ साली हे प्रसिद्ध झाले. म्हणजे नालासोपाऱ्याच्या चाळीत जे काम सासूची डबी करते, तेच कोलोरॅडोत काचेच्या कपाटामागे उभा असलेला नोकर करतो. मळमळ तीच, आश्वासन तेच: काही होत नाही गं, सगळ्याच घेतात.

होते. गांजातले नशेचे द्रव्य चरबीत विरघळणारे आहे. म्हणून ते अंगात मुरते आणि लवकर जात नाही. ते वार ओलांडते, आणि गर्भाचा मेंदू घडत असतो नेमक्या त्याच दिवसांत तिथे पोहोचते. अशा मातांची मुले कमी वजनाची, लवकर जन्मलेली आढळतात. अमेरिकेतल्या प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ साली गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी हा पदार्थ घेऊ नये असे बजावले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये त्या देशाच्या सर्जन जनरलनेही तेच जाहीरपणे सांगितले. दुधाचेही पाहिले गेले आहे: पन्नास मातांच्या दुधाचे चोपन्न नमुने तपासले, चौतिसांत ते द्रव्य सापडले, आणि शेवटचे सेवन होऊन सहा दिवस झाल्यावरही सापडले. 'रात्री घेतले, सकाळी पाजले, मध्ये वेळ गेला' या हिशेबाला अर्थ नाही. आणि भांग म्हणजे काही निराळे सात्त्विक पेय नव्हे. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्याने गांजाच्या व्याख्येतून नुसते पान वगळले, हे खरे. पण नाळेला कायद्याची कलमे वाचता येत नाहीत. होळीची थंडाई घरात फिरत असेल तेव्हा दिवस असलेल्या सुनेला 'घोटभर घे गं, सणाचा दिवस' म्हणणाऱ्या जावेने हे ध्यानात ठेवावे.

आपल्या देशात गांजा-भांग घेणारे तीन कोटींवर आहेत असे २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या सरकारी पाहणीत दिसले. त्यांत पुरुषच फार. मग बायकांना का सांगता, असे कुणी म्हणेल. तर दहा बाय दहाच्या खोलीत नवरा बिडी ओढतो, दीर गच्चीवर 'माल' ओढून येतो, तेव्हा धुराला बाई-पुरुष कळत नाही. खोलीला खिडकी एक, तीही पावसाळ्यात बंद.

वर्तमानपत्रांना नशा दिसते ती निराळीच. २०२२ च्या ऑगस्टमध्ये मुंबई पोलिसांनी नालासोपाऱ्यात सातशे किलोंहून अधिक मेफेड्रोन पकडले. किंमत चौदाशे कोटी. पानभर बातम्या आल्या, पोत्यांची छायाचित्रे आली, 'तरुण पिढीचे काय होणार' म्हणून अग्रलेख आले. पकडले ते उत्तमच झाले. पण त्याच नालासोपाऱ्यात त्याच सकाळी किती गरोदर बायकांनी डबी उघडली, याची बातमी कुठे असते? डबीवर धाड पडत नाही. १९९२ साली सरकारने टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला बंदी केली. २०१२ साली महाराष्ट्राने गुटखा बंद केला. हे दोन्ही कायदे बाजारातल्या मालाचे. आपल्याच तव्यावर आपल्याच हाताने भाजलेल्या पुडीला कुठल्या कारखान्याचा परवाना लागतो? तंबाखूच्या पाकिटावर किळसवाणे चित्र छापतात, खाली व्यसन सोडवण्याच्या मदतीचा फोन नंबर छापतात. मिश्रीच्या डबीवर बहुधा हळदीकुंकवाचे बोट असते.

मग करायचे काय? व्याख्यान नको. प्रश्न विचारा, एवढेच म्हणतो. एका सरकारी दवाखान्यात सकाळभर बसून मी ऐकले आहे. वजन झाले, रक्तदाब झाला, रक्त काढले, लोहाच्या गोळ्या दिल्या. नाव, वय, कितवी खेप, शेवटची पाळी. वीसेक बायका येऊन गेल्या. मिश्री लावता का, हा प्रश्न एकीलाही झाला नाही. एकीला मात्र डॉक्टरीणबाईंना दात दिसले. त्या ओरडल्या, "शी! तंबाखू खातेस? मूल नकोय का तुला?" ती बाई काही बोलली नाही. ती पुढच्या खेपेला तपासणीला येणार नाही, किंवा आली तर तोंड खळखळून धुऊन येईल आणि 'नाही' म्हणून सांगेल. असा प्रश्न न विचारलेला बरा.

दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी देशभर होते. २०१६ पासून ती योजना चालू आहे. त्या दिवशी रांगेतल्या प्रत्येकीला, मराठी असो, भोजपुरी असो की वसईच्या बागायतीतली कुपारी असो, साध्या आवाजात विचारावे: मिश्री, तंबाखू, गुल, काही लावता का? दिवसातून किती वेळा? कशासाठी? तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. दाढेसाठी म्हणाली तर दाढ बघा. गरोदरपणात दाताचा उपचार करता येतो, कुणी काही म्हणो. मळमळीसाठी म्हणाली तर पोटातल्या बाळाला चालणारी औषधे आहेत, ती द्या. पोटासाठी म्हणाली तर ताक, भाजी, पाणी सांगा. आणि तिच्या चाळीच्या संडासाविषयी नगरसेवकाला कोण लिहिणार तेही ठरवा. आशाताई दारोदार जातातच. त्यांच्या हातात आधीच चाळीस वह्या असतात हे मला ठाऊक आहे. म्हणून नवी वही नको, एक प्रश्न वाढवा.

आणि घरच्या अध्यक्षांना विनंती. पपईचा ठराव राहू द्या, त्याने कुणाचे फारसे बिघडत नाही. ग्रहणात सुनेला विळीपासून सुटी मिळते, तीही राहू द्या. बिचारीला तेवढीच विश्रांती. त्या यादीत फक्त एक कलम घाला, आणि ते आधी स्वतः पाळा, कारण सासू ओट्याशी मिश्री लावीत बसली असताना सुनेने सोडायची, हे जगात कुठे घडत नाही. सोडणे सोपे नाही. डोके दुखेल, चिडचिड होईल, दोन-चार दिवस पोट रुसेल. दोघींनी मिळून सोडली तर भांडणे निदान बरोबरीची होतील.

ऐन दिवाळीत हा विषय काढला म्हणून काही वाचक रुष्ट होतील. पण लेकी माहेरी येतात त्या आताच. भाऊबीजेला पाटावर बसलेल्या भावाने बहिणीचे दात एकदा नीट पाहावे. काळे दिसले तर ओवाळणीत साडी जरा हलकी घालावी आणि दाताच्या डॉक्टरांची फी त्यात ठेवावी. तंबाखू सोडवण्यासाठी सरकारचा एक फोन आहे, १८००-११-२३५६; त्याला पैसे पडत नाहीत. बहिणीला संकोच वाटला तर मेहुण्यांनी लावावा. त्यांच्याही खिशात पुडी असेलच.